लाइन गेल्यावर पाळी कोण देणार

९ मे
आमच्या प्रकल्पाचे प्रमुख उमाळे साहेब, त्यांनी आराखड्यातली एक ओळ खोडली. एकच, पण मला तीच हवी होती.

बैठकीत फळ्यावर काढून दाखवलं. चार केंद्रं: भंडारा, तुमसर, साकोली, लाखांदूर. चारही ठिकाणी डायलिसिसची मशीनं, मशीनजवळ खुर्च्या. आजवर आपल्या केंद्रात नंबर लागला नाही की पेशंट घरी जाऊन पडायचा, आणि शेजारच्या तालुक्यात खुर्ची रिकामी. म्हणून आता चौघांची मिळून एक यादी. प्रत्येक केंद्रात एक संगणक. चारही एकमेकांना विचारून पाळी देतील. एक बंद पडला तर बाकीचे थांबणार नाहीत. इथवर साहेब खूश. मग मी म्हटलं, इंटरनेटची लाइन तुटून एखादं केंद्र एकटं पडलं तर? त्यासाठी प्रत्येक ठिकाणी एक खुर्ची त्या केंद्राच्याच हातात ठेवू. कुणाला न विचारता देता येईल अशी.

"नाही मॅडम. खुर्ची केंद्राच्या हातात दिली, का ओळखीवाल्याले भेटली समजा. सरपंचाचा साळा आधी, म्हातारी मागून. मी जिंदगीभर हेच पाहून राहिलो."

खोटं नाही बोलले. एकच यादी, सगळ्यांची. मी मान हलवली.

घरी बाबा आंब्याचं पन्हं करून वाट पाहत होते. जवाहरनगरची दारूगोळ्याची फॅक्टरी सुटून इतकी वर्षं झाली, तरी बाबांचं जेवणखाण सगळं फॅक्टरीच्या वेळेवर. मी पुण्याची नोकरी सोडून परत आले ते आईच्या आजारपणासाठी. आई गेली. मी राहिले. आता हे काम आहे म्हणून राहण्याला काही अर्थ तरी आहे.

१७ मे
चाचणी. भंडाऱ्याच्या केंद्रात दारातच मारामारी व्हायची बाकी होती. एक खुर्ची, दोन माणसं, दोघांच्याही फोनवर पक्की पाळी. साकोलीची लाइन गेलेली. साकोलीच्या संगणकाने भंडाऱ्याची खुर्ची एकाला दिली, तुमसरच्या संगणकाने दुसऱ्याला. एकमेकांना विचारलं नाही, कारण विचारता येत नव्हतं.

साकोलीचा माणूस बाही वर करून बसलासुद्धा होता. त्याला उठवावं लागलं. त्याची मुलगी माझ्याकडे आली.
"यायले परत कसं नेऊ जी? पाय पाहा न त्यायचे."
पाय सुजून खांब झालेले. पोटरीवर बोट दाबलं की खड्डा तसाच राहत होता. मग संध्याकाळच्या फेरीत कसंबसं बसवलं. पण तोवर तो माणूस भिंतीला टेकून नुसता दारावरच्या घड्याळाकडे पाहत होता.

हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

१८ मे
नियम लिहिला. बाकीच्यांशी बोलणं होत नसेल तर ते केंद्र नवी पाळी देणार नाही. आधी ठरलेल्या पाळ्या चालतील, नवी नाही. पडद्यावर येईल ते वाक्यही मीच लिहिलं: "इतर केंद्रांशी संपर्क नाही. पाळी देता येत नाही. कृपया थांबा."

"कृपया" घालायचं की नाही यावर बराच वेळ घालवला. हसू आलं.

सगळे कागद तपासले. आता एका खुर्चीवर दोन माणसं येणं शक्यच नाही. सिद्ध करून दाखवू शकते.

३ जून
लाखांदूर. एसटीने. दोन्हीकडे नांगरलेल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, पाण्याची वाट पाहत पडलेल्या.

तिथलं केंद्र वैशाली सिस्टर एकटीच सांभाळते म्हटलं तरी चालेल. डॉक्टर आठवड्यातून काहीच दिवस. तिला पडदा समजावला. पटकन शिकली.

कोपऱ्यातल्या खुर्चीवर एक बाई होत्या, देवकाबाई. बाजूच्या खेड्यातल्या, गावच्या तलावाखाली धानाची शेती. नळ्यांतून रक्त फिरत होतं आणि बाई आरामात माझी चौकशी करत होत्या.
"तुमीच का जी कम्पूटरवाल्या बाई? आमचा नंबर आता तुमच्या हातात?"
म्हटलं, माझ्या नाही, यंत्राच्या.
"यंत्राले कोन सांगते मंग?"
सिस्टर हसली. मीही.

मी बाटली काढून पाणी पिऊ लागले तर बाई टक लावून पाहायला लागल्या. मग म्हणाल्या, "प्या जी, प्या. मी पाहूनच घेतो. घरासमोर तलाव भरून रायते, अन् मले मोजून घोट. रात्री सपनात सुदा पानीच पेऊन रायतो." पाणी जास्त झालं की छातीत साचतं, दम लागतो, डॉक्टरांनी ताकीद दिलेली.

नवरा, नत्थूजी, बाहेर कडुनिंबाखाली बसलेले. निघताना मला म्हणाले, "रोवणीच्या टाइमाले गडबड नोको करजा बाई. हे बांधीत उभी नाई रायली त बायका गानं नाई म्हनत." भातलावणीचं गाणं देवकाबाईच उचलत असणार, आवाज मोठा असणार. विचारलं नाही.

२७ जून
सगळं सुरळीत चालू आहे. साहेबांनी बैठकीत माझं नाव घेतलं. तुमसरचा एक पेशंट साकोलीला जाऊन पाळी घेऊन आला. आधी हे कधी झालंच नसतं. लोक फोन करून आभार मानतात.

एक गोष्ट खटकली. नोंदी तपासताना दिसलं, लाखांदूरला एकदा लाइन नसताना मशीन चाललं. पाळीचा क्रमांक नाही. म्हणजे सिस्टरने कुणाला तरी स्वतःच्या जबाबदारीवर बसवलं. मी अहवालात लिहिलं. लिहायलाच हवं होतं. अशी एकेक फट राहिली तर यादीला अर्थ नाही.

१ जुलै
सिस्टरला मेमो गेला. "पाळी क्रमांकाशिवाय मशीन सुरू केल्यास वैयक्तिक जबाबदारी राहील." मेमो मला नको होता. नुसतं समजवा म्हटलं होतं. उमाळे साहेब म्हणाले, "समजवणं म्हणजे मेमोच असते मॅडम."
सिस्टरला फोन केला. "ठीक आहे मॅडम," म्हणाली. फोन ठेवला.

२१ जुलै
पाऊस थांबतच नाही. वैनगंगा फुगली. धरणाचे दरवाजे उघडले आहेत. लाखांदूरची लाइन दुपारपासून नाही, पुलाजवळ केबल उघडी पडली म्हणतात. बाकी तीन केंद्रं व्यवस्थित. एकाचा संपर्क तुटला आणि बाकीचे हलले नाहीत. ज्यासाठी ही सगळी रचना केली तेच झालं. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

२३ जुलै
देवकाबाई गेल्या.

सिस्टरचा फोन सकाळी. आधी ओळखच पटेना मला आवाजाची.

२४ जुलै
काल काही लिहिता आलं नाही. जसं समजलं तसं लिहून ठेवते.

देवकाबाईंची नेहमीची पाळी सोमवारी. सोमवारी गावच्या रस्त्यावरून पाणी वाहत होतं, निघताच आलं नाही. मंगळवारी नत्थूजींनी कुणाचा तरी ट्रॅक्टर मागून त्यांना आणलं. तोवर दम लागायला सुरुवात झाली होती. केंद्रात खुर्ची रिकामी होती. त्या पाळीचा माणूसही पाण्यामुळे पोचला नव्हता. रिकामी खुर्ची, सुरू असलेलं मशीन, हजर सिस्टर, हजर पेशंट.

पडद्यावर माझं वाक्य. कृपया थांबा.

सिस्टरने कार्यालयात फोन लावला. कुणीतरी सांगितलं, लाइन येऊन राहिली, थोडं थांबा. थांबले. मग ऑक्सिजन लावून रुग्णवाहिकेने भंडाऱ्याकडे काढलं. पवनीच्या अलीकडे रस्ता बंद. गाडी वळवली. परत येताना वाटेतच.

सिस्टर म्हणाली, "मी सुरू करू शकत होतो मॅडम. माझा हात बटनावर होता. मले मेमो आठवला."

मी काय बोलले ते आठवत नाही.

२५ जुलै
नोंदी काढल्या. मंगळवारचं सगळं त्यात आहे. लाखांदूरच्या संगणकाने पाळी मागितली. उत्तर नाही. पुन्हा मागितली. उत्तर नाही. तो दर थोड्या वेळाने विचारतच राहिला, रात्रभर, गेलेल्या माणसासाठी. मीच तसं शिकवलंय त्याला. सोडून देऊ नको, विचारत राहा.

कुठेही चूक सापडली नाही. सकाळपासून एखादी चूक शोधतेय. चूक सापडली असती तर दुरुस्त तरी केली असती.

२६ जुलै
बैठक. मी सगळं सांगितलं. उमाळे साहेबांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "म्हणजे आपली सिस्टीम बरोबर चालली."
"हो."
"मग तसंच लिहा. पूर होता. रस्ता बंद होता. सिस्टीम ठरल्याप्रमाणे चालली."

ते दगड नाहीत. बाहेर जिन्यात भेटले तेव्हा डोळे लाल होते. "माझ्या बहिणीचंही हेच दुखणं होतं," एवढंच म्हणाले आणि खाली उतरले. पण अहवाल तसाच जाणार. मी लिहिला. प्रत्येक वाक्य खरं आहे.

जेवले नाही. बाबा ताट झाकून बसलेले.
"काहून जेवत नाई वं?"
"भूक नाही बाबा."
"तू काय केलं? पूर तू आनला?"
"नियम मी लिहिला."
फॅक्टरीतल्या अपघातात बाबांचे सोबती गेलेत, ते त्याबद्दल कधीच बोलत नाहीत. माझ्या ताटावरचं झाकण काढून स्वतः एक घास घेतला, जणू गार झालंय का पाहायला.

२९ जुलै
याहून वाईट काही राहिलं नसेल असं वाटलं होतं.

लाखांदूरची लाइन काल आली. येताबरोबर अडून राहिलेलं सगळं सुटलं. विचारत राहिलेल्या त्या मागणीला बाकीच्या केंद्रांनी होकार दिला. नत्थूजींच्या फोनवर संदेश गेला: "देवकाबाई, आपली पाळी पक्की झाली आहे. वेळेवर यावे."

सिस्टरने सांगितलं. ते फोन घेऊन केंद्रात आले होते. रागावले नाहीत. विचारलं, "हे आता कायले आलं जी?"

मागणी जुनी झाली की टाकून द्यायची, एवढी साधी गोष्ट. सुचली नाही. माणूस मधे मरू शकतो हे माझ्या आराखड्यात कुठेच नव्हतं. केंद्र बंद पडू शकतं, लाइन जाऊ शकते, वीज जाऊ शकते, घड्याळ मागे पडू शकतं. सगळं धरलं होतं.

२ ऑगस्ट
गावी गेले. साहेबांना न सांगता. बाबा म्हणाले, "एकटी नोको जाऊ," आणि सोबत आले.

तलाव काठोकाठ. घर त्याच्या समोरच. रोवणी चालू होती, बाया वाकून ओळीने सरकत होत्या. गाणं नव्हतं. कदाचित असंच असेल, कदाचित आम्हाला पाहून थांबल्या असतील.

नत्थूजींनी खाट टाकली. चहा आला. मी ठरवून गेले होते की सांगायचं, नियम माझा. सांगितलं. समजेल असं सांगितलं: लाइन गेली की पाळी द्यायची नाही, हे यंत्राला मी सांगून ठेवलं होतं.
ते ऐकत होते. मग म्हणाले, "कोनाच्या भल्यासाठीच सांगतलं असन न?"
म्हटलं, हो. एका खुर्चीवर दोघं येऊ नयेत म्हणून.
"पर तिथं त एकच होती जी. माही एकटीच होती."

बाबांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोघं म्हातारे तसेच बसून राहिले. मी तलावाकडे पाहत राहिले.

परतीच्या बसमध्ये बाबा एकदाच बोलले. "बाई म्हने शेवटी पानी मांगत होती. यानं देल्लं. पोटभर देल्लं." मला हे नत्थूजींनी सांगितलं नाही. बाबांना सांगितलं, मी हात धुवायला गेले तेव्हा.

३ ऑगस्ट
काही नाही.

६ ऑगस्ट
पुन्हा बसले. करायला दुसरं येतं तरी काय मला.

जुनीच गोष्ट, खोडलेली ओळ. प्रत्येक केंद्राला एक खुर्ची स्वतःची. लाइन गेली तर ती खुर्ची सिस्टरच्या हातात. समोर बसलेल्या माणसाला पाहून तिने ठरवायचं. बाकीच्या सामायिक राहतील. ओळखीवाल्याला दिली तर? देईल एखादी. नोंद राहील, नंतर विचारता येईल. नंतर विचारता येईल असा माणूस तरी उरेल.

बदल मोठा नाही. संध्याकाळपर्यंत चालूही झाला, माझ्या टेबलावर. चार संगणकांतली एक वायर काढली. एकट्या पडलेल्याने एक पाळी दिली. बस्स, एवढंच होतं.

८ ऑगस्ट
उमाळे साहेब नाही म्हणाले.
"चौकशी सुरू आहे. आता काही बदललं तर अर्थ काय निघेल? आधी चूक होती, असाच न?"
"आधी चूक होतीच."
"तुम्हीच लिहून दिलं मॅडम, सिस्टीम ठरल्याप्रमाणे चालली म्हणून."

दार लावून घेतलं त्यांनी. म्हणाले, चौकशी होऊ द्या, मग पाहू. किती दिवस? माहीत नाही. तोवर पावसाने थांबायचं का?

राजीनामा लिहिला. फाडला. मी गेले तर तो नियम तसाच राहील, आणि तो कसा बदलायचा हे माहीत असलेलं कुणी राहणार नाही. उरले तरी तसाच राहतोय म्हणा.

१२ ऑगस्ट
साकोलीहून एकाने आभाराचा फोन केला. त्याला तुमसरला पाळी मिळाली. "तुमच्यामुळे जगलो जी." मी "बरं" म्हणून ठेवून दिला. कितीतरी लोक असे असतील. त्यांचा आनंद मला होत नाही. होत नाही म्हणून पुन्हा लाज वाटते.

झोप नीट नाही. डोळे मिटले की पडदा दिसतो, आणि ते वाक्य.

१४ ऑगस्ट
वैशाली सिस्टर भंडाऱ्याला आली होती, चौकशीत जबाब द्यायला. तिला एकटीलाच बोलावलं. मला नाही. मी तिच्यासोबत बाकावर बसून राहिले. आत काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाली, "मेमो भेटला होता का म्हून. मी हो म्हटलं. मग मेमो पाळला का. हो म्हटलं. मग म्हने, ठीक आहे, जा."

बाहेर आल्यावर आम्ही चहा घेतला. ती नोकरी सोडायचं म्हणते. मग स्वतःच म्हणते, "मी सोडली त पेशंटायले सुई कोण लावल?"

तिला नव्या बदलाबद्दल सांगितलं. ऐकून घेतलं. "चांगलं आहे मॅडम. कधी येते ते?"

१९ ऑगस्ट
कालपासून पुन्हा तोच पाऊस. पवनी रस्ता अजून सुरू आहे. लाखांदूरची लाइन सकाळी गेली.

मी ऑफिसात पोचले तोच सिस्टरचा मोबाइल. केंद्राच्या गच्चीवर चढून बोलत होती, वाऱ्यात अर्धे शब्द उडत होते.
"मॅडम, एक आजोबा आले आहेत. पाळी हुकली त्यायची. खुर्ची खाली आहे. स्क्रीन नाही म्हणते."
"कसे आहेत?"
"बसू शकत नाही आहेत. मी काय करू?"

उमाळे साहेब नागपूरला, फोन बंद. विचारायला कुणी नव्हतं. असतं तरी.

म्हटलं, "सुरू करा."
"कोणाच्या नावावर? मले लेखी पायजे मॅडम. या वेळेस मले लेखी पायजे." तिचा आवाज फाटला. तिचं काहीच चुकलं नाही.
"आत्ता पाठवते."

लिहिलं: पाळी क्रमांकाशिवाय मशीन सुरू करावे. हा माझा आदेश आहे. सर्व जबाबदारी माझी. खाली पूर्ण नाव. मला असा आदेश द्यायचा अधिकार नाही, हे आम्हा दोघींनाही माहीत आहे.

पाठवला. एकच टिक. पोचला नाही.

फोन लावला, लागत नाही. पुन्हा लावला. केंद्राचा जुना फोनही मुका. तिला माझं "सुरू करा" ऐकू आलं. लेखी मिळालं नाही. ती काय करेल? मी तिच्या जागी असते तर मेमो आठवला असता का?

स्वतःच जायचं म्हणून डेपोत येऊन बसले. लाखांदूरची गाडी लागली आहे. कंडक्टर म्हणतो, पवनीपर्यंत नक्की जाईल, पुढचं तिथे गेल्यावर पाहू. बाबांना कळवलं. "छत्री घेतली का?" एवढंच विचारलं.

अजून एकच टिक. गाडी सुटतेय.